तडवीदादांचा आवाज

नवऱ्याच्या मेंदूला कुणाच्या आवाजाने बरं वाटतं, याचा अहवाल हातात पडला तेव्हा हर्षलाने तो तीनदा वाचला. पहिल्यांदा घाईने, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा आपण कागद उलटा तर धरला नाही ना, असं वाटून. लीलाधरला ओळखीचे एकूण चोवीस आवाज ऐकवले होते, सगळे फोनवर टेप केलेले. तीन नंबर तिचा. त्यापुढची रेघ सरळ होती, आखणीपट्टीने ओढल्यासारखी. चार नंबर मुलीचा, ईश्वरीचा, तिथे रेघ जरा उचलली होती. आणि सतरा नंबरपुढे ती अशी वर गेली होती, की कागद संपला म्हणूनच थांबली असावी.

"सतरा नंबर कोण?" तिने विचारलं.

असा प्रश्न बायको विचारते तेव्हा तिच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते सांगत बसायला नको. हर्षलाने एका दमात गावातल्या चार बायका आठवल्या, त्यांतल्या तीन सोडून दिल्या आणि चौथीवर पक्का संशय धरला. समोर बसलेल्या डॉक्टर ओगले म्हणाल्या, "थांबा, ऐकवतेच," आणि त्यांनी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एक म्हातारा, बसका, कंटाळलेला आवाज आला. "बोल. कोण, झोपे? कुठला फिडर? थांब." बराच वेळ काहीच नाही. कुठेतरी लोखंडाचा खटका पडला. "बंद केली. तपासून चढ."

"एवढंच?"

"एवढंच. ओळखता तुम्ही?"

हर्षलाचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, हिची अशी काय जादू म्हणून निदान तिच्याकडे बघता आलं असतं. या म्हाताऱ्याचं काय करायचं?

"हे तडवीदादा," ती म्हणाली. "सबस्टेशनवर ऑपरेटर होते."

"जवळचे मित्र आहेत का लीलाधरांचे?"

"छे हो. सतरा वर्षांत चारदा भेटले असतील. आमच्याकडे कधी चहाला पण आले नाहीत."

लीलाधर झोपे चोपडा तालुक्यात वायरमन होता. वायरमनला खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करावा लागतो. ऑपरेटर त्या लाईनची, म्हणजे फिडरची, वीज तोडतो आणि तोडल्याचं तोंडाने सांगतो. याला म्हणतात परमिट. काम झालं की वायरमनने खाली उतरून परमिट परत करायचं, आणि तोवर ऑपरेटरने त्या खटक्याला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. म्हणजे तेवढा वेळ वरच्या माणसाचा जीव खालच्या माणसाच्या शब्दावर टांगलेला असतो. लीलाधरचा जीव सतरा वर्षं, दिवसातून चार-पाचदा, गफूर तडवींच्या शब्दावर टांगलेला होता.

गेल्या दिवाळीनंतर वीज कंपनीने सबस्टेशनं बिनमाणसांची केली. परमिट आता फोनमधलं यंत्र देतं, बाईच्या गोड आवाजात, आणि ते चुकत नाही. अपघात कमी झाले हेही खरं. तडवी निवृत्त होऊन गावी गेले, त्यांच्या निरोपाला पेढे वाटले, आणि सगळे विसरले.

मग होळीच्या आठ दिवस आधी लीलाधर परमिट न घेता अकरा केव्हीच्या खांबावर चढला. त्या लाईनवर त्या वेळी वीज नव्हती, कारण चारच मिनिटांपूर्वी अलीकडच्या शिवारात एक तार तुटून पडली होती. चौकशीत त्याने सांगितलं, विसरलो. साहेबांनी लिहिलं, हलगर्जीपणा, आणि त्याला स्टोअरला बसवलं. हर्षलाला मात्र ते पटलं नाही. इतकी वर्षं तारेवर काम केलेला माणूस घराची किल्ली विसरेल, लग्नाचा वाढदिवस विसरेल, परमिट विसरणार नाही. त्यानंतर त्याचं जेवण तुटलं, झोप तुटली. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि आपण थांबलोय हेही त्याच्या ध्यानात यायचं नाही. शेवटी ती त्याला जळगावच्या या मेंदू-उपचार केंद्रात घेऊन आली. मरायचा विचार येतो का, असं तिथल्या फॉर्मवर सरळ विचारलं होतं, तर त्याने लिहिलं, सांगता येत नाही. पुढच्या अकरा प्रश्नांनाही तेच उत्तर.

डॉक्टर ओगले तरुण होत्या, भराभर बोलायच्या, आणि समजावून सांगताना टेबलावरच्या वस्तू इकडून तिकडे सरकवायच्या.

"अफू माहीत आहे ना? तशीच रसायनं आपला मेंदू स्वतः बनवतो. ती जिथे जाऊन बसतात त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. तुम्ही खुंट्या समजा. एका जातीच्या खुंट्यांना म्यू म्हणतात. पोराला ठेच लागली, आईने जवळ घेतलं, की त्या खुंट्यांवर रसायन येऊन बसतं आणि दुखणं ओसरतं. आता यातली मजा अशी, की पायाच्या ठेचेचं दुखणं आणि माणूस दुरावल्याचं दुखणं, दोन्हींवरचा उतारा बराचसा याच खुंट्यांवर टांगलेला असतो." त्यांनी पेनस्टँड सरकवला. "दुसरी जात कप्पा. तिच्यावर बसणारं रसायन वेगळं. ते वाढलं की जग कडू होतं, काही नको वाटतं."

"आणि ह्यांचं काय झालंय?"

"म्यूच्या खुंट्या भरपूर, पण रिकाम्या. आत्महत्या केलेल्या काही माणसांच्या मेंदूत या खुंट्यांची गणती बदललेली सापडली होती. काहींच्यात तसं काहीच सापडलं नाही. त्यावरून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडतायत. आम्ही फक्त, जिवंत माणसात त्या कधी भरतात ते बघणारा कॅमेरा बनवला."

"मग भरा की औषधाने."

"सुरुवातीला तसं केलं होतं, घड्याळ लावून. मरायचे विचार गेले. पण पोरगं पायरीवरून पडलं तरी ही माणसं जागची उठायची नाहीत. इतकं त्यांना बरं वाटायचं. शिवाय सवय लागायची." म्हणून आता, त्यांनी सांगितलं, गळ्याच्या हाडाखाली तांदळाएवढी कुपी बसवतात, लीलाधरला परवा बसवली तशी. मेंदूने स्वतःहून रसायन सोडलं तरच ती कणभर औषध सोडते, आणि जे दोन मिनिटांत विरलं असतं ते दोन-तीन तास टिकतं. पण सुरुवात मेंदूने करायची. ती करून देणारा एक आवाज लागतो, रोज आणि जिवंत माणसाचा. टेपवरचा आवाज दहा-बारा दिवसांत निकामी होतो.

"माझा आवाज सपाट आला," हर्षला म्हणाली. ते तिला बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"त्याचा अर्थ प्रेम नाही असा होत नाही."

"मग काय होतो?"

डॉक्टरांनी पेनस्टँड परत जागेवर ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही."

घरी जाताना बसमध्ये तिला एक गोष्ट सुचली आणि तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. चाचणीतले सगळे आवाज फोनवरचे होते ना? वायरमनच्या बायका नवऱ्याला ड्यूटीवर फोन करत नाहीत. खांबावर असताना खिशातला फोन थरथरला तर हात दचकतो. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणि अठरा वर्षांत तिने तो नेम मोडला नाही. सासू गेली तेव्हासुद्धा शेजारच्यांना मोटरसायकलवर पाठवलं. फोनवरचा तिचा आवाज ह्यांच्या मेंदूने ऐकलाच कुठे? डॉक्टर म्हणाल्या, "असेल तसं." मग जरा थांबून म्हणाल्या, "किंवा नसेलही." हर्षलाने खिडकीबाहेर बघितलं. केळीच्या बागा मागे पळत होत्या आणि तिला कशाचाच अर्थ लागत नव्हता.

लीलाधर ओट्यावर बाजेवर बसला होता. गळ्याजवळ पट्टी. कुपी बसवून दोन दिवस झाले होते आणि खुंट्या किती भरल्या ते सांगणारा तिचा आकडा हर्षलाच्या फोनवर दिसायचा. चाळीसच्या वर म्हणजे बरं. त्याचा तिशीच्या आसपास रेंगाळायचा.

"सतरा नंबर तडवीदादा निघाले," ती म्हणाली.

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले. "असं कसं?"

"मला काय विचारता? मेंदू तुमचा."

"अगं, ते मला कधी, बरा आहेस का, असं पण म्हणाले नाहीत."

"मी रोज म्हणते."

"हो ना," तो म्हणाला, आणि इतका हताश दिसला की तिला पुढे भांडता आलं नाही.

तडवींचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मे महिन्याचं ऊन, आणि म्हातारा अंगणात लिंबाखाली चिंचा फोडत बसलेला. हर्षलाने सगळं सांगितलं. त्यांनी ते मान खाली घालून ऐकलं, आणि शेवटी एवढंच विचारलं, "माझा आवाज? चुकून दुसऱ्याचा लावला नसेल ना?"

"नाही दादा. तुमचाच."

"करीन की फोन. त्यात काय."

तिच्यासमोरच त्यांनी लावला. "झोपे? तडवी बोलतो. जेवलास का? बरं." झालं. हर्षलाने आपल्या फोनवर बघितलं. एकतीस. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, ऊन फार आहे. तीस. तिसऱ्या दिवशी, पोरगी कितवीला? एकतीस. म्हातारा आपल्या परीने गप्पा मारत होता आणि कुपी ढिम्म. डॉक्टर ओगलेंनी सुचवलं, चाचणीत जी वाक्यं होती तीच बोलायला सांगा. सहाव्या दिवशी हर्षला पुन्हा लिंबाखाली जाऊन बसली.

तडवींचे हात थांबले. "म्हणजे लाईन बंद केली म्हणून सांगू?"

"हो."

"कुठली लाईन?"

"कुठलीच नाही दादा. नुसतं म्हणायचं."

"मग नाही म्हणणार."

तिला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही. तिने परत समजावलं, खुंट्या आणि कुपी आणि सगळं. त्यांनी परत नीट ऐकून घेतलं. "ताई, एकतीस वर्षं केली मी. न तोडलेली लाईन तोडली म्हणून एकदा पण सांगितली नाही. साहेब अंगावर ओरडले तरी नाही."

"एवढंसं खोटं, आणि माणूस वाचेल माझा."

"ते ऐकून तो चढला तर?"

"कशावर चढेल? स्टोअरला नटबोल्ट मोजत बसतात ते."

"त्याला ते दोन शब्द म्हणजे तारेला हात घालायची परवानगी. ती रिकामी देता येत नाही." त्यांनी पुढची चिंच उचलली. "दुसरं काय पण सांगा, करतो."

हर्षला चहा न घेता उठली. परतीच्या वाटेवर तिने त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ह्यांचं तत्त्व राहील शाबूत आणि कुंकू माझं जाईल, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

आता फोनला कुणाचाही थोडासा आवाज दिला की तो त्या आवाजात हवं ते बोलतो, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. लोक गेलेल्या आजोबांकडून नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. हर्षलाकडे तडवींचे पाच दिवसांचे फोन साठवलेले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने लिहिलं, बोल झोपे, तुझी लाईन बंद केली, तपासून चढ. पाठवायच्या आधी तिचा अंगठा थोडा थांबला. मग तिने दाबला. बाहेरच्या खोलीत लीलाधरचा फोन वाजला.

एकतीस. चौतीस. मग आकडा असा सुटला की तिला डोळ्यांवर विश्वास बसेना. बावन्न, चौसष्ट, सत्त्याऐंशी. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला मोकळं रडू आलं. ती पदराने तोंड पुसत होती तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

तो गल्लीतल्या खांबाखाली उभा होता. कमरेला पट्टा, पायात बूट, एक हात खांबाला. चेहरा असा मोकळा, की लग्नाच्या फोटोतच तिने तसा पाहिला होता. मागे घरात पंखा गरगर फिरत होता, म्हणजे तारेत वीज होती.

"अहो!" ती धावली आणि तिने पट्टा दोन्ही हातांनी धरला. "काय करताय?"

"सोड गं. दादांनी परमिट दिलंय."

"कशाचं? काम काय आहे वर?"

त्याने वर बघितलं, मग पट्ट्याकडे, मग तिच्याकडे. "काम," तो म्हणाला, आणि पुढे त्याला काही सापडेना. तो खांबाच्या बुडाशी मातीत बसला. तीही बसली, पट्टा न सोडता. लोक बघत होते, त्यांना बघू दिलं.

"तो आवाज दादांचा नव्हता," ती म्हणाली. "फोनकडून मी वदवून घेतला. दादा नाही म्हणाले होते."

ती वाट बघत होती की तो चिडेल. "ते नाहीच म्हणणार," तो म्हणाला, आणि त्यात चक्क अभिमान होता. तिने फोन बघितला. आकडा अजून ऐंशीच्या वर. यंत्राच्या मते तिचा नवरा त्या घडीला जिल्ह्यातला सर्वांत सुखी माणूस होता. तिला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

त्याच संध्याकाळी ती त्याला घेऊन तडवींकडे गेली. आपण काय केलं ते तिने काही न लपवता सांगितलं. म्हातारा रागावेल अशी तिची तयारी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, आणि लीलाधरला समोर बसवलं. दोघांच्या मध्ये चिंचांचा ढीग. सतरा वर्षांतली ही पाचवी भेट, आणि दोघेही एकमेकांकडे बघायला लाजत होते.

"झोपे," तडवी म्हणाले. "होळीआधी परमिट का नाही घेतलंस?"

हा प्रश्न त्याला कुणीच सरळ विचारला नव्हता. साहेबांनी कागदावर विचारला, डॉक्टरांनी आडून आडून, आणि हर्षलाने तर घाबरून विचारलाच नव्हता.

"विसरलो," लीलाधर म्हणाला.

तडवी नुसते थांबले, खटका ओढायला जाताना थांबायचे तसे. हर्षलाला टेपवरची ती लांब शांतता आठवली. लीलाधर त्या शांततेत बसून राहिला आणि त्याचा श्वास हळूहळू संथ झाला.

"फोन हातात घेतला होता दादा. त्या यंत्रातल्या बाईने सांगितलं असतं, चालू आहे की बंद ते. मला वाटलं, कशाला विचारायचं. असेल चालू, तर असू दे."

ऐकलं हर्षलाने. तीन महिने जे ती स्वतःशी नाही नाही म्हणत होती ते तिने त्याच्या तोंडून ऐकलं. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं, आणि तिथून उठून थेट माहेरी निघून जावंसं वाटलं, सगळं एकदम. तिने यातलं काही केलं नाही. तिच्या हातात एक चिंच होती, ती तिने फोडली आणि चिंचोके बाजूला ठेवले.

तडवींनी त्याची समजूत घातली नाही. असं बोलू नये, बायकोपोरीचा विचार कर, यातलं काहीच ते म्हणाले नाहीत.

"आणि आत्ता?"

"आत्ता काय?"

"आत्ता तुझी लाईन चालू आहे की बंद?"

लीलाधरला प्रश्न कळला. "बंद आहे."

"तपासून सांग."

या वेळी त्याने वेळ घेतला, जमिनीकडे बघत, आत कुठेतरी जाऊन आल्यासारखा. "बंद आहे दादा."

"बरं," तडवी म्हणाले. "रोज सकाळी सातला मी हेच विचारणार. बंद असली तर कामाला जायचं. चालू असली तर एकट्याने राहायचं नाही, खांबाच्या, तारेच्या जवळ जायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा, आणि पहिल्या गाडीने मी येतो. पण खोटं सांगायचं नाही. मी तुला कधी सांगितलं नाही."

दुपारचं औषध ओसरून वाटेतच आकडा पुन्हा तिशीत आला होता. आता हर्षलाने पदराआड फोन उघडला. सेहेचाळीस. डॉक्टर ओगलेंना तिने हे कळवलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की एक वाक्य धड पूर्ण करेनात. त्या प्रश्नात नेमकं काय आहे, आवाज की शब्द की ते थांबणं, हे त्यांना सांगता येईना. तुम्हाला सापडलं तर मला कळवा, असं त्या वर म्हणाल्या.

गाडी रुळावर आली असं म्हणावं तर म्हणता येईल. लीलाधर जेवू लागला, ईश्वरीच्या अभ्यासात नाक खुपसू लागला. अडीच महिन्यांत चारदा त्याने चालू आहे असं सांगितलं, आणि चारही वेळा तडवी पहिल्या एसटीने येऊन ओट्यावर बसले. शेंगा सोलल्या, फार बोलले नाहीत, संध्याकाळच्या गाडीने गेले. हर्षला त्यांना जेवायला वाढायची आणि त्यांच्याबद्दल मनात एकाच वेळी इतकी माया आणि इतका मत्सर असायचा की भाजीत मीठ दोनदा पडायचं. सातचा फोन तो आतल्या खोलीत घ्यायचा. तिला दाराआडून फक्त एक शब्द ऐकू यायचा. नंतर ती विचारायची, "आज कसं आहे?" तो म्हणायचा, "ठीक आहे." चालू-बंद म्हाताऱ्याला, आणि बायकोला ठीक. अठरा वर्षं त्याचे डबे भरले, त्याची काळजी केली, आणि आपल्या वाट्याला हे ठीक आलं, याचं तिला वाईट वाटायचं. नवरा जिवंत आहे आणि आपण कशाचं वाईट वाटून घेतोय, म्हणून स्वतःची लाजही वाटायची. याचा निकाल तिला काही लावता आला नाही.

ऑगस्टातल्या एका सोमवारी सकाळी तिला घाई होती. ती केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये प्रतवारीला होती आणि त्या दिवशी दोन कंटेनर भरायचे होते. सातचा फोन झाला, दाराआडून बंद ऐकू आलं. आकडा अठ्ठावन्न. ईश्वरी शाळेला गेली. हर्षला दारात उभी राहून डोक्याला रुमाल बांधत होती. मागून तो आला.

"हर्षला."

"काय? डबा ओट्यावर ठेवलाय."

"डबा नाही. दादांना मघाशी बंद म्हणालो. तेव्हा बंदच होती." तो तिच्याकडे न बघता चौकटीच्या कडीशी चाळा करत होता. "आता चालू आहे."

तिने फोन बघितला. एकसष्ट, हिरवा. एवढा चांगला आकडा तिच्या फोनवर फार थोड्या वेळा आला होता. समोरचा माणूसही नेहमीसारखाच होता, दाढी केलेला, शर्टाची बटणं नीट लावलेला. एक क्षण तिला सांगावंसं वाटलं, अहो, एकसष्ट आहे, तुम्हाला उगाच वाटतंय. मग भीती आली, पायापासून वर. आणि त्या भीतीच्या जोडीला आनंद झाला तिला, अशा वेळी होऊ नये इतका, कारण हे त्याने तडवींना नाही, तिला सांगितलं होतं.

"बरं," ती म्हणाली. तिने रुमाल सोडला, दार लोटलं, आणि त्याला हाताला धरून बाजेवर बसवलं. स्वतः शेजारी बसली. आता पुढे काय बोलायचं हे तिला अजिबात माहीत नव्हतं. तिने हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने फोन लावला.

डॉक्टर ओगलेंनी आधी आकडा विचारला.

"आकडा एकसष्ट आहे," हर्षला म्हणाली. "पण हे म्हणतायत चालू आहे. तुम्ही ह्यांचं ऐका."